मांजराच्या खाण्याचं लेबल वाचूनही हिशोब चुकतो, तेव्हा काय तपासायचं

एका कोरड्या खाण्याच्या पाकिटावर क्रूड प्रोटीन ३२ टक्के लिहिलेलं असतं आणि ओल्या खाण्याच्या पाऊचवर १० टक्के. पाऊच हलक्या दर्जाचा समजून बाजूला ठेवला जातो. थोड्या दिवसांनी वजन वाढलं म्हणून खाणं कमी केलं जातं, मग मांजर ओरडतं म्हणून पुन्हा वाढवलं जातं. पुढे रक्ततपासणीत काहीतरी वरखाली निघालं की नवं पाकीट आणलं जातं, आणि तेही पुन्हा त्याच टक्क्यांवर निवडलेलं असतं. आकडे खोटे नसतात. पण ते ज्या रूपात छापलेले असतात, त्या रूपात त्यांची तुलना होतच नाही.

पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरात असते. कामाचा मजकूर मागे किंवा घडीच्या आत बारीक अक्षरात सापडतो: पोषणाचा तक्ता, घटकांची यादी, आहार पूर्ण आहे की पूरक हे सांगणारं वाक्य, कॅलरी, किती द्यायचं त्याचा तक्ता, बॅच नंबर आणि तारीख. फोनवर फोटो काढून मोठा करून वाचा. यातली एखादी गोष्ट लेबलवर नसेल तर पुढच्या हिशोबात ती कशी भरून काढायची, तेही खाली येईल.

तक्रार पहिली: दोन खाण्यांचे टक्के जुळतच नाहीत

कारण पाणी. पोषणाच्या तक्त्यातले टक्के खाणं जसं आहे तसं, म्हणजे पाण्यासकट धरलेले असतात. कोरड्या दाण्यांत पाणी साधारण ६ ते १० टक्के असतं, डब्यातल्या किंवा पाऊचमधल्या खाण्यात ७५ ते ८५ टक्के. म्हणून आधी पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्या सुक्या भागात किती काय आहे ते पाहायचं.

तक्त्यातला मॉइश्चर किंवा ओलाव्याचा आकडा १०० मधून वजा करा. जे उरतं तो सुका भाग. मग हव्या त्या घटकाच्या टक्क्याला सुक्या भागाने भागा आणि १०० ने गुणा.

कोरडं खाणं: प्रथिने ३२, ओलावा १०. सुका भाग ९०. ३२ ÷ ९० × १०० = ३५.६ टक्के.

ओलं खाणं: प्रथिने १०, ओलावा ८०. सुका भाग २०. १० ÷ २० × १०० = ५० टक्के.

म्हणजे बाजूला ठेवलेला पाऊचच प्रथिनांत पुढे निघाला. दुकानात उभ्या उभ्या अंदाज घ्यायचा असेल तर ओलावा ८० टक्के असलेल्या खाण्याचे आकडे पाचने गुणा, ७८ टक्के असेल तर साडेचारने. कोरड्या खाण्याला १.१ ने गुणलं की काम होतं.

ओल्या खाण्यांची आपसात तुलना करतानाही ओलाव्याचा आकडा सोडू नका. प्रथिने ८ टक्के आणि ओलावा ७८ असेल तर सुक्या भागात प्रथिने ३६ टक्के येतात. तीच ८ टक्के प्रथिने ओलावा ८४ असताना ५० टक्के होतात. ओलाव्यातल्या सहा टक्क्यांनी एवढा फरक पडतो.

युरोपातल्या लेबलांवर ओलावा १४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो छापणं बंधनकारक नाही. त्यामुळे कोरड्या खाण्यावर तो आकडा सापडला नाही तर ८ टक्के धरून चाला. चूक फार होत नाही.

आणखी एक अडचण आहे. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर 'किमान' आणि 'कमाल' असे शब्द असतात: प्रथिने आणि फॅट किमान, फायबर आणि ओलावा कमाल. ही हमी असते, प्रत्यक्ष मोजमाप नसतं. फॅट किमान ९ टक्के लिहिलेलं खाणं प्रत्यक्षात ९ टक्क्यांचं असू शकतं आणि १२ टक्क्यांचंही. युरोपीय पद्धतीत मात्र सरासरीच्या जवळचे आकडे देतात. म्हणून एका पद्धतीचं लेबल दुसऱ्या पद्धतीच्या लेबलशी ताडून एक-दोन टक्क्यांच्या फरकावर निर्णय घेऊ नका. अमेरिकेत २०२३ साली नव्या लेबल-रचनेला मंजुरी मिळाली आहे. तिच्यात माणसांच्या अन्नावर असते तशी पोषणाची चौकट आहे. बदलाला काही वर्षांची मुदत असल्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही लेबलं काही काळ सोबत दिसतील.

सुका भाग काढला, तरी चित्र अपुरं राहतं

मांजर टक्के खात नाही. त्याला दिवसाला ठरावीक कॅलरी लागतात आणि त्या भरल्या की ते थांबतं, निदान थांबायला हवं. म्हणून खरा प्रश्न असा की, १०० कॅलरी खाल्ल्यावर पोटात किती ग्रॅम प्रथिने, किती फॅट, किती फॉस्फरस गेला. एक सवय लावून घ्यायचीच असेल तर आम्ही हीच सांगू: टक्के सोडा आणि दर १०० कॅलरीला किती, ते काढा. इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी. खाण्याच्या बाबतीत दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

त्यासाठी आधी कार्बोहायड्रेट काढावे लागतात, कारण बहुतेक लेबलांवर ते नसतात. १०० मधून प्रथिने, फॅट, फायबर, ओलावा आणि ॲश (म्हणजे खनिजं) वजा केलं की उरतं ते ढोबळमानाने कार्बोहायड्रेट. ॲश लिहिलेलं नसेल तर कोरड्या खाण्याला ७ ते ८ आणि ओल्याला २ धरा.

मग प्रथिने आणि कार्बोहायड्रेटच्या दर ग्रॅमला ३.५ कॅलरी, फॅटच्या दर ग्रॅमला ८.५ कॅलरी. माणसांच्या अन्नासाठी वापरतात ते ४ आणि ९ हे आकडे इथे घेऊ नका. प्राण्यांच्या खाण्याची पचनक्षमता कमी धरून हे आकडे खाली आणलेले आहेत.

वरच्याच दोन खाण्यांचा पूर्ण हिशोब असा.

कोरडं: प्रथिने ३२, फॅट १२, फायबर ४, ओलावा १०, ॲश ८. कार्बोहायड्रेट उरले ३४.
३२ × ३.५ = ११२. १२ × ८.५ = १०२. ३४ × ३.५ = ११९. एकूण १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी.
दर १०० कॅलरीला प्रथिने ९.६ ग्रॅम, फॅट ३.६ ग्रॅम, कार्बोहायड्रेट १०.२ ग्रॅम.

ओलं: प्रथिने १०, फॅट ५, फायबर १, ओलावा ८०, ॲश २. कार्बोहायड्रेट उरले २.
१० × ३.५ = ३५. ५ × ८.५ = ४२.५. २ × ३.५ = ७. एकूण १०० ग्रॅमला ८४.५ कॅलरी.
दर १०० कॅलरीला प्रथिने ११.८ ग्रॅम, फॅट ५.९ ग्रॅम, कार्बोहायड्रेट २.४ ग्रॅम.

सुक्या भागात ५० विरुद्ध ३५.६ एवढं मोठं वाटणारं अंतर कॅलरीवर आणल्यावर ११.८ विरुद्ध ९.६ इतकंच उरलं, कारण ओल्या खाण्यातल्या निम्म्या कॅलरी फॅटमधून येतात. फॅट जास्त असलेलं खाणं सुक्या भागाच्या हिशोबात नेहमी आहे त्यापेक्षा जास्त प्रथिनांचं वाटतं. उलट फायबर भरपूर घातलेलं वजन कमी करण्याचं खाणं टक्क्यांत साधं दिसतं, पण कॅलरीमागे त्यात प्रथिने चांगली असतात.

तुलनेसाठी एक खूणगाठ लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफ्कोने, मोठ्या मांजरासाठी ठरवलेली किमान मर्यादा सुक्या भागात २६ टक्के प्रथिने अशी आहे, म्हणजे दर १०० कॅलरीला ६.५ ग्रॅम. वाढत्या पिल्लासाठी आणि गाभण मांजरीसाठी ३० टक्के, म्हणजे ७.५ ग्रॅम. फॅटची किमान मर्यादा दोघांनाही ९ टक्के. या तळाच्या रेषा आहेत. चांगलं खाणं त्यांच्या बरंच वर असतं.

लेबलवर कॅलरीचा आकडा छापलेला असेल तर स्वतः काढलेल्यापेक्षा तोच घ्या. फक्त एकक नीट पाहा. 'प्रति किलो ३६००' म्हणजे १०० ग्रॅमला ३६०. आकडा किलोज्यूलमध्ये असेल तर ४.१८ ने भागा.

क्रूड प्रोटीन या आकड्याची एक मर्यादाही माहीत हवी. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. नायट्रोजन मांसातून आला, पिसांतून आला की मक्याच्या ग्लुटेनमधून, हे त्या आकड्यात दिसत नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांचं खाणं फार मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावं लागलं, ते यामुळेच. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलेलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे तपासणीत प्रथिने जास्त दिसली आणि प्राण्यांच्या किडन्या निकामी झाल्या. प्रथिनांचा आकडा घटकांच्या यादीसोबतच वाचायचा, तो याच कारणासाठी.

तक्रार दुसरी: पाकिटावर लिहिलंय तेवढंच देतो, तरी वजन वाढतंय

पाकिटावरचा तक्ता सरासरी मांजरासाठी असतो. नसबंदी झालेलं, घरातच राहणारं, दिवसातला बराच वेळ झोपणारं मांजर त्या सरासरीच्या खाली बसतं. शिवाय तक्त्यातलं वजन म्हणजे मांजराचं असायला हवं ते वजन. सहा किलोच्या लठ्ठ बोक्याचं योग्य वजन साडेचार किलो असेल, तर साडेचारची ओळ वाचायची.

स्वतः हिशोब करायचा असेल तर विश्रांतीच्या गरजेचं सूत्र वापरा: ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण नसेल तर वजन तीनदा एकमेकांशी गुणा आणि त्याचं वर्गमूळ दोनदा काढा. ४ किलोसाठी ४ × ४ × ४ = ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८ कॅलरी. ३ किलोला १६०, ५ किलोला २३४. नसबंदी झालेल्या मोठ्या मांजराला याच्या साधारण १.२ पट पुरतं, म्हणजे ४ किलोच्या मांजराला दिवसाला २३८. फार सुस्त मांजराला एक पटच पुरे होते.

वरच्या कोरड्या खाण्याचे २३८ कॅलरीसाठी ७१ ग्रॅम लागतील. रोज १० ग्रॅम जास्त पडले तर ३३ कॅलरी जास्त, म्हणजे गरजेच्या १४ टक्के. कपाने किंवा मुठीने मोजताना दहा ग्रॅमची चूक सहज होते, कारण दाण्यांचा आकार बदलला की तोच कप वेगळं वजन भरतो. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दिवसाचं खाणं सकाळीच एका डब्यात मोजून ठेवा. घरातलं प्रत्येक जण त्याच डब्यातून देईल. बऱ्याच घरांत वजनाचा प्रश्न एवढ्यानेच सुटायला लागतो, कारण दोघं जण आपापल्या परीने सकाळचं खाणं देत असतात.

कोरडं आणि ओलं दोन्ही देत असाल तर कॅलरी जोडा, ग्रॅम नाही. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये वरच्या हिशोबाने ७२ कॅलरी येतात. २३८ मधून ७२ गेल्या, उरल्या १६६, त्याचे कोरडे दाणे ५० ग्रॅम. दोन्ही पाकिटांवरच्या तक्त्यांप्रमाणे पूर्ण पूर्ण दिलं तर दुप्पट खाणं होतं, आणि हे फार वेळा घडतं. खाऊ, दूध, ताटातलं उष्टं, औषध भरून दिलेली गोळी, हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांत बसायला हवं. म्हणजे इथे २४ कॅलरी.

वजन उतरवताना घाई करू नका. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं तर ठीक आहे. पाच किलोच्या मांजराला हे २५ ते ५० ग्रॅम होतात, आणि मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहून हा फरक दिसत नाही. तान्ह्या बाळाचा काटा वापरा, किंवा दवाखान्यात एकाच काट्यावर महिन्यातून दोनदा वजन घ्या. नवीन खाणं आवडलं नाही म्हणून लठ्ठ मांजर एक दिवसाहून जास्त उपाशी राहिलं तर 'भूक लागली की खाईल' असं म्हणत वाट पाहू नका. लठ्ठ मांजराने काही दिवस खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठते आणि त्यातून जिवावर बेतू शकतं. पशुवैद्याला त्याच दिवशी फोन करा.

उलटी तक्रार: दिवसाला तीन पाऊच खातं, तरी रोडावतंय

आजारपण आहे का ते आधी तपासून घ्या. थायरॉईड, मधुमेह, किडनी आणि जंत यांची शंका असतेच. मग पाऊचचा ओलावा पाहा. रस्सेदार, ग्रेव्हीवाल्या खाण्यात ओलावा ८७ टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकेत ओल्या खाण्याला ७८ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ग्रेव्ही, सॉस, स्ट्यू असं नाव असलं की सूट मिळते. समजा ओलावा ८७, प्रथिने ७, फॅट २.५, फायबर ०.५, ॲश १.५. कार्बोहायड्रेट दीड टक्का. १०० ग्रॅमला ५१ कॅलरी होतात, ८५ ग्रॅमच्या पाऊचला ४३. ४ किलोच्या मांजराला असे साडेपाच पाऊच लागतील. तीन पाऊचमध्ये ते अर्ध्याच्या थोडं वर खातंय. दोष मांजराचा नाही आणि पाऊचचाही नाही. दोन पाऊच सारख्याच आकाराचे असले म्हणजे त्यांत सारखंच अन्न असतं, ही समजूत इथे चुकीची ठरते.

पूर्ण आहार की नुसतं तोंडी लावणं

लेबलवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुधा सगळ्यात बारीक अक्षरात असतं. 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं असेल तर ते खाणं एकट्यानं पुरेसं आहे. 'कॉम्प्लिमेंटरी', 'सप्लिमेंटल', 'इंटरमिटंट फीडिंग' यांपैकी काही असेल तर तो पूरक खाऊ आहे. पाण्यात नुसते मासे किंवा चिकनचे तुकडे असलेले सुंदर डबे बहुतेक वेळा याच वर्गात मोडतात. त्यांत प्रथिने भरपूर असतात, मांजरं झडप घालतात, आणि मालकाला वाटतं की यापेक्षा शुद्ध काय असणार. पण त्यात पुरेसं कॅल्शियम, टॉरिन (मांजराला लागणारं एक अमिनो आम्ल) आणि जीवनसत्त्वं नसतात. रोजचा आहार म्हणून ते चालत नाही.

वाक्यात मांजराचं वयही पाहा. 'अडल्ट मेंटेनन्स' म्हणजे फक्त मोठ्या मांजरासाठी. हे पिल्लाला किंवा गाभण, पाजत्या मांजरीला पुरणार नाही: कॅल्शियमची किमान मर्यादा मोठ्यासाठी ०.६ टक्के आहे, वाढीसाठी १ टक्का. 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' असेल तर ते पिल्लाला चालतं. आफ्कोच्या नियमांत वाढ आणि प्रौढ अशा दोनच पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या मांजरासाठी वेगळी पायरी नाही, त्यामुळे 'सीनियर' या शब्दामागे कंपनीगणिक वेगळं सूत्र असतं. एका सीनियर खाण्यात फॉस्फरस कमी केलेला असतो, दुसऱ्यात फक्त कॅलरी.

आफ्को कोणतंही खाणं तपासत नाही, मान्य करत नाही, प्रमाणपत्र देत नाही. ती संघटना फक्त मर्यादा ठरवते. आहार पूर्ण असल्याचं वाक्य दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं: एकात सूत्र त्या मर्यादांत बसतं एवढंच म्हटलेलं असतं, दुसऱ्यात मांजरांना खाऊ घालून चाचणी केल्याचं सांगितलेलं असतं. प्रौढांसाठीची ती चाचणी किमान आठ मांजरांवर २६ आठवडे चालते. चाचणी झालेली असणं चांगलंच, पण आठ मांजरं आणि सहा महिने एवढाच तिचा आवाका आहे हेही ध्यानात ठेवा.

टॉरिनचं नाव यादीत शोधाच. मांजराचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की, टॉरिन कमी पडल्याने मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतंही. त्यानंतर खाण्याची सूत्रं बदलली. आज किमान मर्यादा कोरड्या दाण्यांत सुक्या भागाच्या ०.१ टक्के आणि डब्यातल्या खाण्यात ०.२ टक्के आहे. डब्यात दुप्पट, कारण उष्णतेची प्रक्रिया झालेल्या खाण्यात आतड्यातले जीवाणू जास्त टॉरिन फस्त करतात. कुत्र्याच्या खाण्यात टॉरिन घालणं बंधनकारक नाही. शिवाय मांजराला अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात लागतं, गाजरातल्या कॅरोटीनपासून ते बनवता येत नाही. म्हणून घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असले तरी मांजराला कुत्र्याच्या खाण्यावर ठेवू नये.

नावात चिकन आहे, पण मांजराला अजून खाज सुटतेच

नावातल्या एका शब्दाने मांसाचं प्रमाण पालटतं. अमेरिकी नियमांत नुसतं 'चिकन कॅट फूड' म्हटलं तर प्रक्रियेचं पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. 'चिकन डिनर' किंवा 'आंत्रे' म्हटलं तर २५ टक्के. 'विथ चिकन' म्हटलं तर ३ टक्के पुरे. 'चिकन फ्लेवर'ला टक्केवारीच नाही, चव ओळखू आली की झालं. युरोपात 'विथ'साठी ४ टक्के लागतात. 'ट्यूना डिनर'च्या पाव भागात ट्यूना असेल, पण उरलेल्या भागात चिकन असायला काहीच हरकत नसते, आणि ॲलर्जीचा शोध इथेच भरकटतो. म्हणून ॲलर्जीची शंका असेल तर नाव सोडा आणि यादी शेवटपर्यंत वाचा. 'पोल्ट्री', 'मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्हज', 'ॲनिमल डायजेस्ट', 'नॅचरल फ्लेवर' असे मोघम शब्द आले की त्यात कुठला प्राणी आहे हे तुम्हाला कळत नाही. अशा खाण्यावर ॲलर्जीची चाचणी करता येत नाही. ती पशुवैद्याने दिलेल्या हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिने बारीक तोडलेल्या खाण्यावर, निदान आठ आठवडे, दुसरं काही तोंडात न जाऊ देता करावी लागते.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट धरलेलं असतं. ताजं चिकन पहिलं आलं म्हणून हुरळून जाऊ नका. २५ किलो ताज्या चिकनमध्ये ७० टक्के पाणी, म्हणजे सुका भाग साडेसात किलो. त्याच्याखाली २० किलो तांदूळ असेल तर त्याचा सुका भाग साडेसतरा किलोच्या आसपास. दाणे वाळल्यावर तांदूळ चिकनच्या दुपटीहून जास्त होतो. उलट 'चिकन मील' आधीच वाळवलेलं असतं, त्यामुळे यादीत खाली असूनही ते जास्त प्रथिने देऊन जातं.

एकच पदार्थ तुकडे करून लिहिलेला आहे का तेही पाहा. वाटाणा, वाटाणा प्रोटीन, वाटाणा फायबर, वाटाण्याचा स्टार्च असे चार घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण मांसाच्या खाली जातो, पण मिळून ते वर असू शकतात. 'ग्रेन फ्री' खाण्यात हे विशेष दिसतं. धान्य नाही म्हणजे कार्बोहायड्रेट कमी, असं नसतं. बटाटा, टॅपिओका आणि वाटाणा त्याची जागा घेतात. १०० मधून वजाबाकी केली की खरं काय ते दिसतं. आणि मीठ कुठे आहे ते बघा. ते साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, म्हणून मिठानंतर आलेल्या क्रॅनबेरी, रोझमेरी, ब्लूबेरी नाममात्रच समजा. शेवटची लांबलचक रासायनिक नावं मात्र घाबरण्यासारखी नाहीत. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड म्हणजे बी ६ जीवनसत्त्व, थायमिन मोनोनायट्रेट म्हणजे बी १.

किडनी किंवा मधुमेह असलेल्या मांजरासाठी लेबल वाचताना

ॲश म्हणजे खाण्यात मिसळलेली राख नव्हे. खाणं पूर्ण जाळल्यावर मागे उरतात ती खनिजं. किडनीच्या मांजरासाठी त्यातला फॉस्फरस महत्त्वाचा, आणि तो टक्क्यांत वाचला तर हमखास फसायला होतं. कोरड्या खाण्यावर फॉस्फरस १.२ टक्के, कॅलरी १०० ग्रॅमला ३६०: १२०० मिलिग्रॅम ÷ ३६० × १०० = ३३३ मिलिग्रॅम दर १०० कॅलरीला. ओल्यावर ०.३ टक्के, कॅलरी ८५: ३०० ÷ ८५ × १०० = ३५३ मिलिग्रॅम. टक्क्यांत चौपट कमी दिसणारं खाणं प्रत्यक्षात किंचित जास्त फॉस्फरस देतंय. निरोगी प्रौढ मांजरासाठी आफ्कोची किमान मर्यादा दर १०० कॅलरीला १२५ मिलिग्रॅम आहे, यावरून दोन्ही खाणी किती वर आहेत ते लक्षात येईल. किती खाली आणायचं हे रक्ततपासणी पाहून पशुवैद्य ठरवतील.

मधुमेहात कार्बोहायड्रेटमधून येणाऱ्या कॅलरी साधारण १२ ते १५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. वरच्या कोरड्या खाण्यात ३३३ पैकी ११९, म्हणजे ३६ टक्के. ओल्यात ८४.५ पैकी ७, म्हणजे ८ टक्के. पण इन्सुलिन चालू असताना हा बदल मनाने करू नका. कार्बोहायड्रेट अचानक कमी झाले की तोच इन्सुलिनचा डोस जास्त ठरतो, साखर धोकादायक खाली जाते आणि मांजर झटके येऊन कोसळू शकतं. खाणं आणि डोस एकाच वेळी, पशुवैद्याच्या देखरेखीखाली बदलायचे.

आकडे बरोबर आहेत, तरी अचानक जुलाब किंवा नाक मुरडणं

खाणं एकदम बदललं का ते आधी आठवा. सात ते दहा दिवसांत बदला: पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. ब्रँड तोच असेल तर जुन्या आणि नव्या पाकिटाची यादी शेजारी ठेवून वाचा. पुढचं चित्र तेच ठेवून मागचं सूत्र बदललेलं असू शकतं. म्हणून रिकामं पाकीट लगेच फेकू नका, किंवा लेबल आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर कंपनी आणि पशुवैद्य दोघंही पहिल्यांदा तोच नंबर विचारतात. कोरडं खाणं दुसऱ्या डब्यात ओतण्यापेक्षा पाकिटासकट डब्यात ठेवा आणि उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात संपवा. फॅट खवट झालं की मांजराला ते माणसाच्या कितीतरी आधी समजतं.

लेबलवर जे नाही ते कंपनीला लेखी विचारा. प्रश्न मोघम ठेवू नका: दर १००० कॅलरीला प्रथिने, फॅट, फॉस्फरस आणि सोडियम किती ग्रॅम, ते सरासरी आकडे मागा, हमीचे नाहीत. प्रति किलो कॅलरी किती आणि ती मोजलेली आहे की सूत्राने काढलेली, हेही विचारा. सूत्र कोणी बनवलं आणि त्या व्यक्तीचं पशुपोषणातलं शिक्षण काय, हाही प्रश्न घाला. आकडे आले की ते तुमच्या मांजराच्या दिवसाच्या कॅलरीशी गुणा आणि कागदावर लिहून दवाखान्यात घेऊन जा.